कॅसँड्रा: रावेरची क्वेरी अडकते, धडगावची लगेच येते, टेबलांची रचना कशी बदलावी?

सातपुडा_पायथा:

नमस्कार मंडळी. खानदेशातील शेतांत बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी साठवणारी एक प्रणाली अलीकडेच आमच्या गटाकडे देखभालीसाठी आली आहे. जळगाव जिल्ह्याचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ अशा २५ तालुक्यांत मिळून सुमारे ३०० केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्र दर मिनिटाला तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग व दिशा, पानावरील ओलावा, जमिनीतील ओलावा आणि जमिनीचे तापमान अशी आठ मूल्ये पाठवते. केळीचा पट्टा असल्यामुळे एकट्या रावेर तालुक्यात ६० केंद्रे आहेत, तर धडगावात केवळ ३. डेटाबेस कॅसँड्रा ४.१ असून सहा नोडचे (सर्व्हरचे) क्लस्टर आहे आणि प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती ठेवल्या जातात.

सध्याच्या मुख्य टेबलात तालुका आणि महिना मिळून पार्टिशन की आहे (एकत्र साठवल्या जाणाऱ्या ओळींचा गट, म्हणजे पार्टिशन, तिच्यावरून ठरतो), तर वेळ आणि त्यानंतर केंद्र क्रमांक हे क्लस्टरिंग कॉलम (गटातील ओळींचा क्रम ठरवणारे) आहेत. धडगावातील एका केंद्राचा महिन्याचा आलेख मागितला तर तो तत्काळ येतो; रावेरमधील केंद्राचा मागितला की क्वेरीची वेळ संपते, आणि कधी कधी एक लाखाहून अधिक टूमस्टोन (डिलीट केलेल्या मूल्यांच्या जागी उरणाऱ्या खुणा) स्कॅन झाल्यामुळे क्वेरी रद्द केल्याची नोंद लॉगमध्ये दिसते. आमचा प्रोग्रॅम त्या टेबलातून काहीही डिलीट करत नाही, त्यामुळे हे टूमस्टोन कोठून आले हे समजत नाही.

याखेरीज आणखी काही अडचणी आहेत. ‘काल रात्री कोणकोणत्या केंद्रांचे तापमान १० अंशांखाली गेले’ ही क्वेरी अलाउ फिल्टरिंग (की न देता ओळी चाळू देणारी सवलत) लावून लिहिलेली आहे आणि ती बहुतेक वेळा पूर्ण होत नाही. ज्या केंद्रांचे नेटवर्क रात्रभर बंद राहते, त्यांच्या रात्रीच्या नोंदी सकाळी गायब असतात. तासाभराचा खंड पडला तर मात्र नोंदी व्यवस्थित येतात. रोजचे किमान तापमान अनेकदा चुकीच्या तारखेला दिसते. थंडीच्या दिवसांत केळी उत्पादक ही माहिती सर्वाधिक पाहतात, म्हणून हिवाळ्यापूर्वी हे मार्गी लावायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

तापीकाठ:

सातपुडाभाऊ, लक्षणे सविस्तर दिलीत हे फार बरे झाले. रचना बदलण्याआधी मोजमाप करून घ्या. कॅसँड्राच्या नोडटूलमधील टेबलहिस्टोग्रॅम्स ही आज्ञा त्या टेबलावर चालवा आणि पार्टिशनच्या आकाराचे मध्य मूल्य व कमाल मूल्य येथे द्या. त्यानंतर सीक्यूएल शेलमध्ये ट्रेसिंग (क्वेरीने काय काय वाचले याची नोंद) सुरू करून रावेरच्या एका केंद्रासाठी केवळ एका दिवसाची क्वेरी चालवा आणि किती जिवंत ओळी व किती टूमस्टोन वाचले गेले तो आकडा पाहा.

तोपर्यंत कागदावरचा हिशेब मांडतो. एक केंद्र दिवसाला १,४४० आणि ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० ओळी लिहिते. रावेरची ६० केंद्रे एकाच पार्टिशनमध्ये असल्याने तेथे महिन्याला २५,९२,००० ओळी जमा होतात, तर धडगावात १,२९,६००. एक ओळ ढोबळमानाने १०० बाइटची धरली तर रावेरचे पार्टिशन सुमारे २६० मेगाबाइट आणि धडगावचे १३ मेगाबाइट होते. कॅसँड्रात एका पार्टिशनची कठोर मर्यादा २ अब्ज सेलची (ओळींतील सुट्या मूल्यांची) आहे आणि आपण तिच्या जवळपासही नाही. परंतु व्यवहारात १०० मेगाबाइटच्या आत राहावे हा रूढ संकेत आहे, आणि तो रावेरने केव्हाच ओलांडलेला असावा.

सातपुडा_पायथा:

आकडे मिळाले. पार्टिशनचे मध्य मूल्य सुमारे १४ मेगाबाइट आणि कमाल मूल्य २६८ मेगाबाइट आले. ट्रेसमध्ये १,४४० ओळी परत करण्यासाठी ८६,४०० ओळी वाचलेल्या दिसतात आणि टूमस्टोन सेल ६०,००० च्या पुढे आहेत. रावेरमधील एक तृतीयांश केंद्रांवर पानावरील ओलावा आणि जमिनीची दोन्ही मूल्ये मोजणारे सेन्सर बसवलेले नाहीत. त्या केंद्रांकडून ही तीन मूल्ये येत नाहीत, तेथे प्रोग्रॅम नल (रिकामे मूल्य) लिहितो. याचा काही संबंध असेल का?

तापीकाठ:

थेट संबंध आहे. कॅसँड्रात नल लिहिणे आणि ते मूल्य डिलीट करणे यांत फरक नाही. नल लिहिला की तेथे टूमस्टोन तयार होतो. आपल्या ट्रेसशी हा हिशेब जुळतो: २० केंद्रे, १,४४० मिनिटे आणि प्रत्येक ओळीत ३ नल, म्हणजे ८६,४०० टूमस्टोन. एका वाचनात १,००० टूमस्टोन ओलांडले की इशारा आणि १,००,००० ओलांडले की क्वेरी रद्द, अशा मूळ मर्यादा आहेत. त्यामुळे दोन दिवसांचा आलेख मागितला तरी आपण काठावर पोहोचता. या मर्यादा वाढवून प्रश्न सुटत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरीत) जे मूल्य आलेलेच नाही ते नल न ठेवता अनसेट, म्हणजे न लिहिलेले, ठेवावे. ही सोय कॅसँड्रा २.२ पासून, म्हणजे प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि सर्व प्रमुख ड्रायव्हर ती देतात.

आता मूळ दोषाकडे येतो. पार्टिशनच्या आत ओळी क्लस्टरिंग कॉलमच्या क्रमाने रचलेल्या असतात. आपल्या टेबलात वेळ आधी आणि केंद्र नंतर असल्यामुळे १०:०१ वाजताच्या साठ केंद्रांच्या साठ ओळी, मग १०:०२ च्या साठ, असा क्रम लागतो. एकाच केंद्राची माहिती हवी असेल तरी दर साठ ओळींतील एकोणसाठ वाचून टाकून द्याव्या लागतात, आणि टाकून दिलेल्या ओळींतील टूमस्टोनही त्या वाचनाच्या खात्यावर धरले जातात. म्हणजे ज्या केंद्रावर सगळे सेन्सर व्यवस्थित आहेत, त्याचा आलेखसुद्धा शेजारच्या केंद्रांमुळे अडतो.

कच्च्या नोंदींसाठी नवीन टेबल असे असावे: पार्टिशन की केंद्र क्रमांक आणि महिना मिळून, तर क्लस्टरिंग कॉलम केवळ वेळ, उतरत्या क्रमाने. एका पार्टिशनमध्ये ४३,२०० ओळी, म्हणजे सव्वाचार मेगाबाइटच्या आसपास राहतील आणि ३०० केंद्रांची पार्टिशने सहाही नोडवर पसरतील. आज २५ तालुके म्हणजे महिन्याला केवळ २५ पार्टिशने आहेत. कोणत्या नोडांच्या वाट्याला रावेर आणि यावल येतील हे पार्टिशन कीच्या हॅशवर अवलंबून असल्याने भार विषम पडणे स्वाभाविक आहे.

महिन्याऐवजी दिवस का नको, असा प्रश्न येईल. दिवसाचे पार्टिशन जेमतेम १४४ किलोबाइटचे होईल आणि एका दिवसाचा आलेख उत्तम येईल. पण केळी हे जवळपास वर्षभराचे पीक आहे, आणि मृगबागेच्या लागवडीपासून कटाईपर्यंतचा आलेख मागणाऱ्यासाठी ३६५ पार्टिशने वाचावी लागतील. महिना ठेवला तर तेवढ्यासाठी १२ पुरतात. या १२ क्वेऱ्या ‘इन’ ही अट लावून एकात कोंबू नका, कारण मग सगळा भार एका समन्वयक नोडवर (क्वेरी स्वीकारणाऱ्या नोडवर) येतो. त्या स्वतंत्रपणे आणि समांतर पाठवा.

भुसावळ_जंक्शन:

मला दोन मुद्दे मांडायचे आहेत. पहिला असा की ३०० केंद्रे दर मिनिटाला एक नोंद पाठवतात, म्हणजे सेकंदाला सरासरी ५ नोंदी लिहिल्या जातात आणि वर्षाला सुमारे १५ कोटी ७७ लाख ओळी होतात. एवढे काम महिन्यानुसार विभागलेले पोस्टग्रेस टेबल एका बऱ्या सर्व्हरवर सहज पेलते, आणि तेथे कोणतीही नवी क्वेरी सुचली तरी रचना बदलावी लागत नाही. कॅसँड्राच वापरायचे ठरले असेल तर दुसरा मुद्दा: तापमानाच्या कॉलमवर दुय्यम इंडेक्स लावून १० अंशांखालील केंद्रांचा प्रश्न सुटणार नाही का? सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीत स्टोरेज अटॅच्ड इंडेक्स हा नवा प्रकारही आहे.

सातपुडा_पायथा:

आपला पहिला मुद्दा आम्हांलाही पटतो. मात्र हे क्लस्टर इतर प्रणालींसोबत सामाईक आहे, त्याची देखभाल करणारी माणसे कायम आहेत, आणि एखादा नोड बंद असतानाही नोंदी लिहिल्या जाव्यात ही अट करारात आहे. त्यामुळे डेटाबेस बदलणे आमच्या हातात नाही.

पांझरा:

इंडेक्सविषयी लिहिते. कॅसँड्रातील दुय्यम इंडेक्स प्रत्येक नोड आपापल्या ओळींपुरता ठेवतो. त्यामुळे पार्टिशन की न देता केवळ तापमानाची अट घातली, तर ती ओळ कोणत्या नोडवर आहे हे समन्वयकाला ठाऊक नसते आणि त्याला अख्खे क्लस्टर विचारत जावे लागते. आपल्याकडे गावाचे नाव आणि गट क्रमांक सांगितला तर सातबारा लगेच निघतो, पण तालुक्यात विहीर असलेले सगळे गट काढा म्हटले तर प्रत्येक गावाचे दप्तर उघडावे लागते. अगदी तसेच हे आहे. नवा इंडेक्स जुन्यापेक्षा निश्चितच कार्यक्षम आहे आणि पार्टिशनच्या आत शोधायला उपयोगी पडतो, परंतु ही मूळ अडचण त्यानेही पूर्णपणे टळत नाही. शिवाय मिनिटामिनिटाच्या तापमानावर इंडेक्स ठेवणे म्हणजे जानेवारीच्या एका रात्रीत १० अंशांखालच्या हजारो नोंदी इंडेक्समधून काढून, शेवटी त्यांतून साठ-सत्तर केंद्रांची नावे वेचणे होय.

खरा प्रश्न ‘कोणत्या नोंदी १० अंशांखाली आहेत’ असा नाही, ‘कोणत्या केंद्राचे त्या दिवसाचे किमान तापमान १० अंशांखाली आहे’ असा आहे. तेव्हा दैनिक गोषवाऱ्याचे वेगळे टेबल करा. तेथे पार्टिशन की तालुका आणि महिना, क्लस्टरिंग कॉलम तारीख आणि केंद्र क्रमांक, आणि पुढे किमान तापमान, ते केव्हा नोंदले गेले ती वेळ, कमाल तापमान, एकूण पाऊस व त्या दिवशी प्रत्यक्ष आलेल्या नोंदींची संख्या असे कॉलम ठेवा. येथे तालुका की मध्ये घेणे योग्य आहे, कारण रावेरचेही महिन्याला केवळ १,८०० ओळींचे पार्टिशन होते. एका तारखेच्या ६० ओळी वाचून त्यांतील १० अंशांखालच्या प्रोग्रॅममध्ये निवडाव्यात. साठ ओळींसाठी इंडेक्सची गरज नाही. पंचवीस तालुक्यांच्या पंचवीस क्वेऱ्या समांतर पाठवल्या की सगळ्या खानदेशचे चित्र एका क्षणात मिळते.

हा गोषवारा प्रत्येक नोंद येताच ‘आधीचे किमान वाच, तुलना कर, पुन्हा लिही’ अशा पद्धतीने भरू नका. दोन प्रक्रिया एकाच वेळी तेच करू लागल्या तर एकीचे काम दुसरी पुसते, आणि ते टाळण्यासाठी लाइटवेट ट्रान्झॅक्शन (अट तपासून लिहिणे) लावले तर प्रत्येक नोंदीमागे नोडांमध्ये एकमत घडवणाऱ्या पॅक्सॉसच्या अनेक फेऱ्या होतात. दिवस संपल्यावर कच्च्या नोंदींवरून गोषवारा काढा आणि त्याच प्रायमरी कीवर (पार्टिशन की आणि क्लस्टरिंग कॉलम मिळून) लिहा. उशिरा नोंदी आल्या तर त्या दिवसाचा गोषवारा पुन्हा काढून पुन्हा लिहा. कितीही वेळा केले तरी ओळ एकच राहते, आणि नोंदींची संख्या १,४४० पेक्षा किती कमी आहे यावरून त्या आकड्यावर किती विसंबावे हेही शेतकऱ्याला दाखवता येते.

आता तारखेचा घोळ. कॅसँड्राचा टाइमस्टॅम्प यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) साठवला जातो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. दिवस जर यूटीसीवरून काढलेला असेल, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेला जमा होतात. आपल्या भागात हिवाळ्यातील किमान तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास येते. म्हणजे एकच थंड रात्र ऐन मोक्याच्या ठिकाणी दोन तारखांत चिरली जाते. २ जानेवारीच्या पहाटे ५:२० ला नोंदलेले तापमान यूटीसीत १ जानेवारीच्या २३:५० चे असते, आणि ५:४० चे मात्र २ जानेवारीलाच राहते.

आणखी एक काळजी घ्यावी. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजला जातो. शेतकरी आपल्या केंद्राचा पाऊस आणि वर्तमानपत्रात छापून आलेला तालुक्याचा पाऊस यांची तुलना करणारच. म्हणून गोषवाऱ्यात मध्यरात्र ते मध्यरात्र आणि ८:३० ते ८:३० असे पावसाचे दोन कॉलम वेगवेगळ्या स्पष्ट नावांनी ठेवावेत. हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई त्या योजनेच्या संदर्भ केंद्रांवरून ठरते, आपल्या नोंदींवरून नाही; तरीही तेथे सलग दिवसांची अट असल्याने शेतकरी आपले आकडे ताडून पाहतात, आणि तारीख एका दिवसाने सरकली तर सलगता मोडलेली दिसते. मूळ वेळ यूटीसीतच साठवा. गोषवाऱ्यातील तारीख मात्र डेट प्रकारच्या स्वतंत्र कॉलमात, भारतीय वेळेवरून प्रोग्रॅमने काढून लिहा.

सातपुडा_पायथा:

पांझराताई, तारखेचे कोडे पूर्णपणे उलगडले. तपासून पाहिले तर गोषवारा काढणारा भाग खरोखरच यूटीसीची तारीख वापरतो आहे.

रात्रीच्या हरवलेल्या नोंदींविषयी थोडी अधिक माहिती देतो. आठ-दहा केंद्रे मिळून एक गेटवे (त्यांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणारे उपकरण) आहे. वीज किंवा नेटवर्क गेले की गेटवे नोंदी साठवून ठेवतो आणि संपर्क आल्यावर सर्व केंद्रांच्या साठलेल्या नोंदी एकाच लॉग्ड बॅचमध्ये पाठवतो. त्याच बॅचमध्ये कच्च्या नोंदींचे टेबल आणि प्रत्येक केंद्राची अद्ययावत स्थिती दाखवणारे ‘ताजी नोंद’ हे टेबल, अशी दोन्ही टेबले लिहिली जातात. अशा बॅचनंतर ताज्या नोंदीच्या पानावर कधी कधी पहाटेचे तापमान दुपारी दिसते, तेही विचित्र वाटते.

गिरणाकाठ:

सातपुडाभाऊ, या दोन्ही लक्षणांचे मूळ त्या बॅचमध्ये आहे.

अनेक पार्टिशनांना स्पर्श करणारी बॅच ५ किलोबाइटच्या पुढे गेली की कॅसँड्रा लॉगमध्ये इशारा देते आणि ५० किलोबाइटच्या पुढे गेली की ती नाकारते. या मूळ मर्यादा आहेत. तापीकाठभाऊंचा १०० बाइटचा अंदाज धरला तर ५० किलोबाइट म्हणजे सुमारे ५०० ओळी. आठ केंद्रांच्या गेटवेला तेवढ्या ओळी जमायला तासभराहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणून तासाभराचा खंड सुखरूप येतो आणि रात्रभराचा नाकारला जातो. नाकारल्यानंतर गेटवे ती बॅच पुन्हा पाठवतो की टाकून देतो, हे आधी पाहा. टाकून देत असेल तर नोंदी तेथेच नष्ट होत आहेत आणि डेटाबेसची रचना कितीही सुधारली तरी त्या परत येणार नाहीत.

लॉग्ड बॅच हे वेगाचे साधन नाही. अनेक ठिकाणी करायचे बदल अखेरीस सगळे होतील, अर्धवट राहणार नाहीत, एवढीच हमी ती देते आणि त्यासाठी ती बॅच आधी बॅचलॉगमध्ये लिहून ठेवते. आपल्याला या हमीची गरज नाही. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे असिंक्रोनस (आधीच्या उत्तरासाठी न थांबता) पाठवा, एका वेळी किती विनंत्या उत्तराच्या प्रतीक्षेत राहतील यावर मर्यादा ठेवा आणि उत्तर आल्याशिवाय गेटवेच्या साठ्यातून ती नोंद काढू नका. तीच नोंद दोनदा गेली तरी प्रायमरी की तीच असल्याने दुसरी ओळ तयार होत नाही.

आता ताज्या नोंदीच्या पानाविषयी. कॅसँड्रात प्रत्येक सेलसोबत लेखनाची वेळ साठवली जाते आणि दोन मूल्यांत ज्याची लेखनवेळ पुढची, ते टिकते. पहाटेची नोंद दुपारी पोहोचली तर तिची लेखनवेळ दुपारची होते आणि ती खरोखर ताज्या असलेल्या नोंदीवर मात करते. या एका टेबलासाठी यूझिंग टाइमस्टॅम्प वापरून मोजमापाची वेळच लेखनवेळ म्हणून द्या. मग नोंदी कोणत्याही क्रमाने आल्या तरी शेवटी सर्वांत नवे मोजमापच दिसेल. आधी वाचून तुलना करण्याची गरज उरणार नाही. ओळ एकच राहते, म्हणून येथे ‘आधी डिलीट मग इन्सर्ट’ अजिबात करू नका. तसे केले तर मिनिटामिनिटाला टूमस्टोन पडतील. हे टेबल सतत त्याच ओळींवर लिहिले जाणार असल्याने त्याला लेव्हल्ड कॉम्पॅक्शन (डिस्कवरील फाइली एकत्र करण्याची एक पद्धत) मानवेल.

एक अट मात्र सोडू नका. केंद्राच्या घड्याळावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. मोजमापाची वेळ सर्व्हरच्या घड्याळापेक्षा पाच-दहा मिनिटांहून अधिक पुढची असेल तर ती नोंद बाजूच्या टेबलात टाकून तपासणीसाठी ठेवावी. भविष्यातील लेखनवेळ असलेले मूल्य एकदा आत गेले की ती वेळ प्रत्यक्ष उजाडेपर्यंत त्यावर नेहमीचे कोणतेही लेखन चालत नाही.

सातपुडा_पायथा:

गिरणाकाठभाऊ, आपल्या शेवटच्या वाक्याने आणखी एक जुनी तक्रार आठवली. फैजपूरजवळच्या एका केंद्राच्या एका नोंदीत ६१ अंश तापमान आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो हे खरे, पण ६१ अशक्य आहे. ते मूल्य अपडेटने दुरुस्त केले, डिलीटही करून पाहिले. दोन्ही वेळा कोणतीही त्रुटी आली नाही, आणि तरीही वाचले की ६१ च येते. राइटटाइम फंक्शनने पाहिले तर त्या सेलची लेखनवेळ आजपासून जवळजवळ वर्षभर पुढची निघाली. जुना प्रोग्रॅम सर्वच टेबलांत केंद्राच्या घड्याळाची वेळ लेखनवेळ म्हणून देत होता, असे कोड वाचल्यावर दिसते.

गिरणाकाठ:

मग तेच कारण. आपले अपडेट आणि डिलीट दोन्ही आजच्या लेखनवेळेने गेले, म्हणून ते स्वीकारले गेले आणि तरीही हरले. तातडीने दुरुस्त करायचे असेल तर त्या सेलच्या लेखनवेळेपेक्षा एक मायक्रोसेकंद पुढची वेळ देऊन योग्य मूल्य लिहा. परंतु आपण नवीन टेबलात स्थलांतर करणारच आहात, तर जुन्या टेबलात असे लेखन वाढवू नये असे माझे मत आहे. स्थलांतर करताना लेखनवेळ आपणच ठरवणार असल्याने ही सदोष वेळ मागेच राहील.

तापीकाठ:

स्थलांतराविषयी सविस्तर लिहितो, कारण तेथे घाई केली तर नोंदी हरवतात.

अस्तित्वात असलेल्या टेबलाची प्रायमरी की बदलता येत नाही, म्हणून नवीन टेबल तयार करून आधी दोन्हीकडे लिहिणे सुरू करा. त्यानंतर जुन्या टेबलातील एकेक तालुका-महिना घेऊन, मोठ्या पार्टिशनसाठी तो आणखी दिवसादिवसाने तोडून, नवीन टेबलात भरा. जुन्या टेबलात वेळ हा पहिला क्लस्टरिंग कॉलम असल्याने दिवसाचा सलग तुकडा सहज वाचता येतो. त्या रचनेचा हा एक उपयोग येथे होतो. टूमस्टोनमुळे दिवसाचा तुकडाही अडला तर तासाचा घ्या. संपूर्ण टेबलावर काउंट चालवू नका, ते वेळेत संपणार नाही. प्रत्येक केंद्र-महिन्याच्या ओळी मोजून दोन्हीकडचे आकडे जुळवा. आकडे जुळल्यावर आधी वाचन नवीन टेबलाकडे वळवा आणि काही आठवडे निर्धोक गेल्यावरच जुने टेबल ट्रंकेट (पूर्ण रिकामे) करा. ट्रंकेट करताना मूळ मांडणीत स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणाची प्रत) आपोआप घेतला जातो, त्यामुळे डिस्कवरील जागा लगेच मोकळी झाली नाही तर गोंधळू नका. स्नॅपशॉट वेगळा काढावा लागतो.

कच्च्या नोंदी किती काळ ठेवायच्या आहेत, ते कळवा. कॉम्पॅक्शनची निवड त्यावर अवलंबून आहे.

सातपुडा_पायथा:

कच्च्या नोंदी दोन वर्षे आणि दैनिक गोषवारा कायमचा ठेवायचा आहे. दरम्यान चाचणीच्या क्लस्टरवर रावेरच्या सर्व केंद्रांचे चालू वर्ष नवीन टेबलात भरून पाहिले. त्याच केंद्राच्या एका दिवसाच्या क्वेरीच्या ट्रेसमध्ये आता १,४४० ओळी वाचून १,४४० ओळी परत येतात आणि टूमस्टोन शून्य आहेत. पूर्ण महिन्याचा आलेखही अडखळत नाही.

पांझरा:

ट्रेसमधले दोन्ही आकडे सारखे आले याचा फार आनंद झाला. वाचन आणि लेखन कोणत्या कन्सिस्टन्सीवर (किती प्रतींचे उत्तर पुरेसे मानायचे) चालते तेही एकदा पाहून घ्या. तीन प्रतींपैकी दोनवर लिहिणे आणि दोनवरून वाचणे, म्हणजे दोन्हीकडे क्वोरम ठेवणे, हे आपल्यासाठी योग्य राहील. एक नोड बंद असला तरी काम चालते आणि नुकतेच लिहिलेले मूल्य वाचनात सापडते. विशेषतः गोषवारा काढणारी प्रक्रिया एका प्रतीवरून वाचत असेल, तर त्या प्रतीवर न पोहोचलेल्या नोंदी हिशेबातून सुटतील आणि किमान तापमान चुकेल.

तापीकाठ:

दोन वर्षांसाठी टेबलाचा मूळ टीटीएल (नोंद आपोआप कालबाह्य होण्याची मुदत) ६,३०,७२,००० सेकंद ठेवा आणि टाइम विंडो कॉम्पॅक्शन निवडा. खिडकी ३० दिवसांची ठेवली तर एकूण सुमारे २४ खिडक्या होतात, आणि एवढी संख्या या पद्धतीला मानवते. संपूर्ण खिडकी कालबाह्य झाली की तिची अख्खी फाइलच काढून टाकली जाते, एकेक ओळ वेचावी लागत नाही. मात्र या टेबलातून सुट्या ओळी डिलीट करणे कटाक्षाने टाळावे, अन्यथा जुन्या फाइली अडकून राहतात.

जुन्या नोंदी भरताना टीटीएल आजपासून नव्याने मोजला जातो, हे ध्यानात ठेवा. दीड वर्षापूर्वीच्या नोंदीला उरलेल्या सहा महिन्यांचाच टीटीएल स्वतंत्रपणे द्यावा लागेल. खिडकी लेखनवेळेवरून ठरत असल्यामुळे लेखनवेळही मोजमापाची, पण आधी तपासून घेतलेली, द्यावी आणि नोंदी जुन्याकडून नव्याकडे अशा क्रमाने, एक महिना पूर्ण लिहून डिस्कवर फ्लश झाल्यावर पुढचा महिना, याप्रमाणे भराव्यात. सगळे महिने एकत्र भरले तर ते एकाच फाइलीत मिसळतील आणि जुना भाग वेळेवर निघणार नाही. चालू नोंदींसाठी मात्र कच्च्या टेबलात सर्व्हरचीच लेखनवेळ राहू द्या.

गोषवाऱ्याच्या टेबलाला टीटीएल नको. तेथे ओळी थोड्या आहेत, त्यामुळे मूळचे साइझ टिअर्ड कॉम्पॅक्शन पुरेल. प्रती एकमेकींशी जुळवून घेण्याचे दुरुस्तीचे काम, म्हणजे रिपेअर, जीसी ग्रेसच्या (टूमस्टोन साफ होण्याआधीच्या मुदतीच्या) १० दिवसांच्या आत प्रत्येक नोडवर एकदा पूर्ण होते आहे ना, हे क्लस्टर सांभाळणाऱ्यांकडून लेखी घ्या. एखादा नोड त्याहून अधिक काळ बंद राहून तसाच परत आला, तर इतरत्र डिलीट झालेल्या आणि टूमस्टोनही साफ झालेल्या नोंदी त्याच्याकडून पुन्हा जिवंत होतात. अशा नोडला जुन्या माहितीसह परत घेऊ नये. त्याची माहिती काढून तो नव्याने जोडावा.

सातपुडा_पायथा:

रिपेअरचे वेळापत्रक मागवले आहे. नोव्हेंबर उजाडण्यापूर्वी रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर हे चार तालुके आधी नवीन टेबलांवर नेतो आणि उरलेले त्यानंतर. गेटवेच्या प्रोग्रॅममध्ये बॅच काढून टाकण्याचा बदल मात्र सर्व तालुक्यांत एकदमच करतो, कारण तेथे रोज रात्रीच्या नोंदी जात आहेत.

गिरणाकाठ:

हाच क्रम बरोबर आहे. गेटवे बदलताना त्याच्या स्थानिक साठ्याची क्षमताही तपासा. दहा केंद्रे १२ तास बंद राहिली तर ७,२०० ओळी साठतील, आणि संपर्क आल्यावर सगळे गेटवे एकाच क्षणी त्या पाठवू लागतील. प्रत्येक गेटवेने पहिली विनंती थोड्या यादृच्छिक विलंबाने पाठवावी आणि चालू मिनिटाच्या नोंदीला साठलेल्या नोंदींच्या आधी जागा द्यावी.